पांढऱ्या खडकावरची बिऱ्हाडे

स्कॉटलंडची राजधानी एडिनबरा. तिथून पूर्वेकडे जाणाऱ्या छोट्या आगगाडीत बसले, की अर्ध्या-पाऊण तासात नॉर्थ बेरिक हे किनाऱ्यावरचे टुमदार गाव येते. स्टेशनातून बंदराकडे उतरू लागले, की समोरच्या समुद्रात एक अजस्र खडक डोके वर काढून उभा असलेला दिसतो. ऐन हिवाळ्यात तो करडा, उदासवाणा असतो. मार्च-एप्रिलनंतर पाहावे, तर वरचा सगळा भाग पांढराशुभ्र! कुणी चुन्याचा हात मारला असावा, किंवा बर्फ वितळायचे राहून गेले असावे, असेच नवख्या प्रवाशाला वाटते. होडी जवळ जाते, तसा तो बर्फ हलू लागतो, त्यातले काही तुकडे हवेत उडतात, आणि कानांवर आदळतो तो हजारो घशांतून निघणारा खरखरीत कलकलाट. पाठोपाठ येतो माशांचा आणि विष्ठेचा उग्र दर्प. नाकाला रुमाल लावणारे प्रवासीसुद्धा डोळे मात्र मिटत नाहीत.

हाच तो बास रॉक. गॅनेट या समुद्रपक्ष्याची जगातली सर्वांत मोठी वसाहत म्हणून पक्षिप्रेमींमध्ये त्याची ख्याती आहे.

तुरुंग, किल्ला आणि दीपगृह

कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या नळीत घट्ट झालेला लाव्हा म्हणजे हा खडक. भोवतालचा मऊ दगड झिजून गेला आणि हा कठीण गाभा तेवढा उरला. उंची १०७ मीटर, म्हणजे आपल्या कुतुबमिनारच्या जवळजवळ दीडपट. क्षेत्रफळ मात्र जेमतेम सात एकर. तीन बाजूंना सरळ तुटलेले कडे आणि एका बाजूला थोडासा उतार. होडी लागण्याजोगी जागा तिथेच.

अशा जागी पूर्वी किल्ला बांधला गेला नसता तरच नवल! सतराव्या शतकात तिथे राजाज्ञेने धर्मबंडखोरांना कोंडत. पुढे १६९१ मध्ये तर एक गमतीदार प्रकार घडला. पदच्युत राजा जेम्स याच्या बाजूचे चार तरुण अधिकारी तिथे कैदेत होते. कोळशाची होडी आली म्हणून पहाऱ्यावरचे शिपाई ती उतरवून घ्यायला खाली धक्क्यावर गेले. कैद्यांनी वरून दरवाजे लावून घेतले आणि किल्लाच ताब्यात घेतला! पुढची जवळजवळ तीन वर्षे मूठभर माणसांनी तो लढवला. अखेर १६९४ मध्ये बोलणी करायला सरकारी माणसे आली, तेव्हा आत भरपूर शिबंदी आहे असे भासावे म्हणून तटावर टोप्या आणि कोट अडकवून ठेवले होते, असे सांगतात. खांदेरी-उंदेरीच्या आणि जंजिऱ्याच्या कथा ऐकलेल्या मराठी वाचकाला हे सारे ओळखीचेच वाटेल.

किल्ल्याचे आता अवशेष आहेत. त्यांच्याजवळ १९०२ मध्ये उभारलेले दीपगृह आहे. १९८८ पासून ते आपोआप चालते आणि तेव्हापासून खडकावर कायम राहणारे माणूस कुणीच नाही. १७०६ पासून खडक डॅल्रिम्पल घराण्याच्या मालकीचा असला, तरी खरी वहिवाट पक्ष्यांचीच. या पक्ष्याचे शास्त्रीय नावसुद्धा खडकावरूनच पडले आहे: मोरस बासानस. यातल्या ‘मोरस’चा अर्थ मूर्ख. माणूस जवळ आला तरी घरटे सोडून पळत नाही, हीच त्याची मूर्खता! त्याच कुळातल्या उष्ण प्रदेशातल्या भावंडांना ‘बूबी’, म्हणजे बावळट, म्हणतात. पावसाळी वादळात सापडून मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर अधूनमधून थकून पडलेला मिळणारा ‘मास्क्ड बूबी’ हा गॅनेटचा चुलतभाऊच.

तीस मीटरवरून सूर

गॅनेट देखणा पक्षी आहे. पंख पसरले, की या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा फूट भरतात. वजन तीन किलोच्या आसपास. अंग दुधासारखे पांढरे, पंखांची टोके शाईत बुडवल्यासारखी काळी आणि डोक्यावर फिकट हळदीचा हात फिरवल्यासारखी छटा. डोळे फिकट निळे, भोवती गडद निळे कडे.

त्याची खरी कला पाहायची ती समुद्रावर. पाण्यात माशांचा थवा दिसला, की गॅनेट वीस-तीस मीटर उंचीवरून सूर मारतो. पडता पडता पंख मागे ओढून घेतो आणि अक्षरशः बाण होतो. पाण्याला भिडतो तेव्हा त्याचा वेग ताशी ८० किलोमीटरच्याही पुढे गेलेला असतो. माणसाने असा सूर मारला तर हाडे मोडतील. गॅनेटचे काही बिघडत नाही, कारण शरीराची घडणच तशी आहे. चोचीवर बाहेरून नाकपुड्याच नाहीत, त्यामुळे नाकात पाणी शिरायचा प्रश्न नाही. चेहऱ्यावर आणि छातीवर कातडीखाली हवेच्या पिशव्या असतात, त्या गादीसारखा धक्का झेलतात. दोन्ही डोळे समोर पाहू शकतात, म्हणून अंतराचा अंदाज चुकत नाही. थवा मोठा असला, तर शेकडो पक्षी एकामागोमाग सूर मारतात आणि पाणी उकळल्यासारखे दिसते.

पिल्लासाठी घास आणायला हा पक्षी शेकडो किलोमीटर जातो. बास रॉकचे काही पक्षी उत्तर समुद्र ओलांडून थेट नॉर्वेच्या बाजूपर्यंत फेरी मारून येतात. शास्त्रज्ञांनी ब्रिटन आणि आयर्लंडच्या परिसरातील १२ वसाहतींमधल्या पक्ष्यांवर छोटी यंत्रे बसवून त्यांचा माग काढला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले, की शेजारशेजारच्या वसाहतींनी समुद्र जणू वाटून घेतला आहे. एकीचे पक्षी दुसरीच्या पाण्यात फारसे जात नाहीत. ना कुंपण, ना भांडण. तरी शिवा ठरलेल्या.

चोचीएवढे अंतर

घरट्यांच्या बाबतीत मात्र भांडणाला तोटा नाही. फेब्रुवारीत पक्षी परत येऊ लागतात आणि नर आपली गेल्या वर्षीची जागा गाठतो. दोन घरट्यांमधले अंतर असते शेजाऱ्याची चोच लागणार नाही एवढेच, म्हणजे जेमतेम हात-दीड हात. मुंबईच्या चाळीतसुद्धा याहून ऐसपैस वाटावे! जागेसाठी नर चोचीत चोच अडकवून रक्त निघेपर्यंत झुंजतात.

जोडी सहसा वर्षानुवर्षे तीच राहते. हिवाळ्यात दोघे वेगवेगळ्या वाटांनी जातात आणि वसंतात त्याच हातभर जागेवर पुन्हा भेटतात. भेटल्यावर छातीला छाती लावून, माना उंचावून चोचींची टक्कर देत दोघे बराच वेळ उभे राहतात. नर समुद्रावरचे शेवाळ किंवा गवत चोचीत धरून आणतो, मादी ते घरट्यात रचते. ज्याला उडायचे असेल तो चोच आकाशाकडे करून उभा राहतो. ‘मी निघालो, तू घर सांभाळ’ हा त्याचा अर्थ. दोघांपैकी एकाने घरट्यावर थांबायचेच, हा इथला नियम. घर रिकामे पडले, तर पिल्लावर शेजारीच तुटून पडतात.

या सगळ्या रीतीभाती जगाला नीट कळल्या त्या ब्रायन नेल्सन यांच्यामुळे. १९६० च्या सुमारास हा तरुण प्राणिशास्त्रज्ञ आणि त्याची पत्नी जून यांनी खडकावरच्या पडक्या चॅपेलमध्ये एक लाकडी खोपटे उभारले आणि तीन वर्षे पक्ष्यांच्या शेजारी संसार केला. पुढे नेल्सन यांचा गॅनेटवरचा ग्रंथ प्रमाण मानला गेला. २०१५ मध्ये ते निवर्तले.

मादी वर्षाला एकच अंडे घालते. पोटाच्या उबेवर अंडी उबवणे ही पक्ष्यांची सर्वसाधारण रीत. गॅनेट मात्र अंड्यावर आपले दोन्ही पडदेदार पाय ठेवतो आणि पायांची ऊब देतो. आई आणि बाप आळीपाळीने हे काम करतात. साधारण ४४ दिवसांनी काळ्या कातडीचे, आंधळे, उघडेवाघडे पिल्लू बाहेर येते. दोन-तीन आठवड्यांत ते कापसासारख्या लवीचा गोळा होते, आणि तीन महिन्यांत आईबापांपेक्षाही वजनदार. पिसे मात्र गडद तपकिरी, त्यांवर पांढरे ठिपके. पूर्ण पांढरा वेष मिळायला चार-पाच वर्षे जावी लागतात.

आणि मग एका दिवशी हे पिल्लू कड्याच्या टोकाशी येऊन उडी मारते. खडकाच्या मधोमध जन्मलेल्याला तिथवर पोहोचताना दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या चोची खाव्या लागतात. उडीनंतर परतीची वाट नाही. अंगात चरबी इतकी, की पाण्यावर उतरल्यावर आठवडा-दोन आठवडे पुन्हा उडताही येत नाही. तोवर ते पोहत दक्षिणेकडे निघते, चरबीवर जगते आणि मासे धरायला आपले आपण शिकते. पहिल्या हिवाळ्यात ही तरुण मंडळी पार पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जातात. शिकवायला सोबत कुणी नसते. यात बरीच पिल्ले दगावतात. जी वाचतात ती वीस-वीस वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक जगतात.

ताटातून संरक्षणाकडे

माणसाचा आणि गॅनेटचा संबंध प्रथम आला तो ताटात. बास रॉकवरची पिल्ले शतकानुशतके पकडून विकली जात. मांस खाण्यासाठी, चरबी वंगणाला, पिसे गाद्यांना. स्कॉटलंडच्या वायव्येला सुला स्गेर नावाच्या निर्जन बेटावर लुइस बेटातले नेस भागाचे गावकरी आजही परवाना घेऊन पिल्ले पकडायला जातात. या पिल्लाला ते ‘गुगा’ म्हणतात. परवाना पूर्वी दोन हजार पिल्लांपर्यंतचा असे. २०२२ ते २०२४ अशी तीन वर्षे शिकार झालीच नाही आणि २०२५ मध्ये ५०० पिल्लांचाच परवाना मिळाला.

बास रॉकवर शिकार थांबली, तशी वस्ती वाढू लागली. १९८५ च्या मोजणीत साडेएकवीस हजार घरट्यांच्या जागा भरल्या, २००४ मध्ये ४८ हजार, आणि २०१४ मध्ये तब्बल ७५ हजार २५९. म्हणजे सात एकरांवर दीड लाख पक्षी! सेंट किल्डाची प्रसिद्ध वसाहतही मागे पडली. २००० मध्ये नॉर्थ बेरिकच्या बंदरावर स्कॉटिश सीबर्ड सेंटर उघडले. खडकावरच्या कॅमेऱ्यांतून तिथे पडद्यावर घरटी पाहता येतात.

२०२२ चा उन्हाळा

आणि मग जून २०२२ उजाडला. खडकावर मरून पडलेले पक्षी दिसू लागले. बर्ड फ्लू! एच५एन१ या विषाणूचा हा घातक वंश १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात पाळीव हंसांमध्ये प्रथम सापडला होता. कुक्कुटपालनातला हा रोग आता रानपक्ष्यांत शिरला होता. जी दाटी गॅनेटचे बळ होती, तीच आता घातक ठरली. चोचीएवढ्या अंतरावर बसलेल्या शेजाऱ्यांपासून रोग दूर राहणार तरी कसा? ज्या घरी एक जण घास आणायला गेला आणि परतलाच नाही, तिथे दुसरा किती दिवस बसून राहणार? पांढऱ्या उतारावर रिकामे, मातकट पट्टे दिसू लागले. त्या उन्हाळ्यात आइसलंडपासून कॅनडापर्यंत गॅनेटच्या बहुतेक वसाहतींत हीच कहाणी घडली.

२०२३ मध्ये ड्रोनने छायाचित्रे घेऊन मोजणी झाली, तेव्हा बास रॉकवर ५१ हजार ८४४ जागा भरल्या. २०२४ मध्ये तो आकडा ४६ हजार ४५ वर आला. दहा वर्षांत घट ३९ टक्क्यांच्या घरात. वर्षाला एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्याला ही तूट भरून काढायला वेळ लागणार, हे उघड आहे.

याच काळात निरीक्षकांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. काही धडधाकट पक्ष्यांचे फिकट निळे डोळे काळे झाले होते. वरून निरोगी दिसणाऱ्या १८ पक्ष्यांचे रक्त तपासले, तेव्हा आठ जणांच्या रक्तात या विषाणूशी लढल्याच्या खुणा मिळाल्या, आणि त्या आठांपैकी सात जण काळ्या डोळ्यांचे होते. म्हणजे रोगाने गाठूनही ते तगले होते. दुर्बिणीतून डोळा पाहून कोण आजारातून उठला आहे ते ओळखता यावे, असा पक्षी विरळाच.

बास रॉककडे होड्या वसंतापासून शरदापर्यंत जातात. एप्रिल ते सप्टेंबर हा काळ सर्वांत चांगला. खडकावर उतरण्यावर निर्बंध असतात, पण होडीतून प्रदक्षिणा घातली तरी डोळ्यांचे पारणे फिटते. सोबत गरम कपडे आणि दुर्बीण हवीच. टोपीही असावी, कारण डोक्यावरून जाणारे सगळेच पक्षी सभ्य नसतात!

२०२२ च्या त्या उन्हाळ्यात पिल्ले वाचली ती थोडीच. कड्यावरून उडी मारून, पोहत, चुकत-शिकत जी आफ्रिकेपर्यंत पोहोचली, त्यांना अजून स्वतःचे घर नाही. पाच वर्षांचा हिशेब धरला, तर २०२७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांतले काही नर उतारावरच्या रिकाम्या पट्ट्यात उतरतील, चोचीत शेवाळाची काडी धरतील आणि जोडीदारिणीची वाट पाहत हातभर जागा अडवून बसतील. या वेळी त्यांना जागेसाठी फारसे झुंजावे लागणार नाही.