नानांची फाइव्ह-फोर्टी

हॉस्टेलवर प्रत्येकाला एक टोपणनाव असतं. आमच्या विंगमध्ये एक 'झेरॉक्स' आहे, एक 'केटी सम्राट' आहे आणि मी 'जीपवाला'. या नावाचा मला एके काळी फार अभिमान होता. आता तेवढा राहिलेला नाही. का राहिलेला नाही, तेच आज सांगायचं आहे. बी.ई.चं वर्ष आहे, पुन्हा मॅगझिनमध्ये लिहायची संधी मिळणार नाही, तेव्हा जरा मन मोकळं करतो.

आमचं गाव पनवेलपासून बारा-तेरा किलोमीटरवर, कर्नाळ्याच्या पायथ्याशी. मुंबई-गोवा रस्त्याने कोकणात गेला असाल तर डावीकडे आभाळाला अंगठा दाखवणारा सुळका तुम्ही नक्की पाहिला असेल. तोच कर्नाळा किल्ला. त्याआधी शिरढोण लागतं, वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. त्यांचे आजोबा याच कर्नाळ्याचे किल्लेदार होते. किल्ल्याभोवतीचं जंगल म्हणजे कर्नाळा पक्षी अभयारण्य, १९६८ पासूनचं. हे सगळं आमच्या अंगणातून दिसतं आणि त्याच अंगणात, फणसाखाली, नानांची जीप उभी असते.

नाना म्हणजे माझे थोरले काका. जीप म्हणजे महिंद्रा एमएम ५४०, १९९३ चं मॉडेल, रंग हिरवा (मूळचा, आता कुठला ते सांगणं कठीण). आजच्या पोरांना 'थार' माहीत असते. २०१० साली आलेली पहिली थार ही याच घराण्यातली, असं समजा. आणि घराण्याचा मूळ पुरुष विलीज जीप. १९४५ साली सुरू झालेली महिंद्रा कंपनी १९४७ पासून मुंबईत विलीजचे सुटे भाग आणून जीपा जोडू लागली. म्हणजे देशात जीप आली ती आमच्या बाजूनेच, असं नाना छाती फुगवून सांगतात.

मेकॅनिकलवाल्यांसाठी थोडी माहिती. ५४० मध्ये पेजोच्या परवान्यावर बनलेलं एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन असतं. ४.९० म्हणजे चार सिलिंडर, ९० मिलीमीटर बोअर. स्ट्रोक ८३ धरून गणित करा, २११२ सीसी येतात. इंजेक्शन पंप मेकॅनिकल, ईसीयू नावाची भानगड नाही. पुढेमागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल, कमानी पाटे आणि ट्रान्सफर केसमध्ये 'लो' गिअर, जो चाकांवरचा टॉर्क सुमारे अडीच पट वाढवतो. आमचे सर 'ड्राइव्हट्रेन' शिकवत होते तेव्हा वर्गात मी एकटाच असा होतो, ज्याचे हात त्या ग्रीसने आधीच काळे झालेले होते.

नानांनी ती जीप हौसेसाठी घेतली नव्हती. भाताची पोती, खताच्या गोणी, लग्नाचं सामान, सगळं तिच्यातून जायचं. २६ जुलै २००५ च्या पावसात रस्ते पाण्याखाली होते तेव्हा शेजारच्या वाडीतल्या एका बाळंतिणीला नाना याच जीपमधून पनवेलला घेऊन गेले होते. अडीच तास लागले म्हणतात. ते बाळ, म्हणजे आता चांगला दाढीवाला बाप्या झालेला पोरगा, अजूनही जीप दिसली की तिच्या बॉनेटला हात लावून पुढे जातो. मी तेव्हा जेमतेम वर्षाचा होतो, पण ही गोष्ट इतक्या वेळा ऐकलीय की मीच मागच्या सीटवर होतो असं वाटतं.

तर अशी ही जीप. आणि एफई संपवून सुट्टीत घरी आलेला अस्मादिक. साल २०२३. डोक्यात मोबाईलवर पाहिलेले ऑफ-रोडिंगचे व्हिडिओ. फुगवलेले टायर, उंच केलेल्या बॉड्या, चिखलातून उसळणाऱ्या गाड्या. मी नानांना म्हटलं, "नाना, जीप जरा नीट करून घेतो." नाना म्हणाले, "कर. इंजिनियर होतोयस ना?" त्यांना वाटलं, मी ऑइल बदलणार.

आता कबुलीजबाब. माझ्याकडे स्कॉलरशिपचे थोडे पैसे होते. बाकीचे मी आईकडून लॅपटॉपसाठी म्हणून घेतले. एकूण बेचाळीस हजार. त्यात सेकंडहँड ३१ इंची टायर आणि १५ इंची रिम आले, पाट्यांना लांब शॅकल लावून जीप दोन इंच उचलली, आणि एका वेल्डिंगवाल्याकडून चॅनेलचा जाडजूड बंपर बनवून घेतला. दोन माणसांनी उचलायचा असला बंपर! कळंबोलीच्या ज्या मिस्त्रींकडे नाना वर्षानुवर्षं जीप नेत, ते चाचा म्हणाले, "बेटा, आधी ब्रेक बघू, मग चैनी." मी म्हटलं, ब्रेक लागतायत की! आणि दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो.

मित्रहो, सेमिस्टरला जे पाठ करून ओकून आलो होतो ते सगळं मला त्या जीपने पुन्हा शिकवलं. मूळचे ६.००-१६ टायर उंचीला साधारण पावणेएकोणतीस इंच. ३१ इंची घातले की घेर आठ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६५ ला असते. इंजिनला प्रत्येक गिअर जड होतो. आणि ज्या ड्रमब्रेकने लहान चाक थांबवायचं, त्यालाच आता मोठं चाक थांबवायचं असतं. लिव्हर आर्म वाढला, ब्रेक तेवढाच राहिला. लांब शॅकलने पुढच्या ॲक्सलचा कॅस्टर बदलला, त्यामुळे हायवेला स्टेअरिंग थरथरायला लागलं. आणि उंची? उभ्या गाडीच्या कलंडण्याच्या कोनाचा टॅन काढायचं सूत्र सोपं आहे: दोन चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. समजा अंतर ४८ इंच आणि उंची २५, तर कोन जवळपास ४४ अंश. उंची २७ केली की साडेएक्केचाळीस. दोन इंचांत दोन अंश गेले. आणि हे उभ्या गाडीचं. वळणावर काय होईल ते डायनॅमिक्सच्या सरांना विचारा.

पण तेव्हा मला हे काही दिसत नव्हतं. मला दिसत होती ती फक्त स्टाइल. स्टेटसवर फोटो टाकला, विंगमधल्या सगळ्यांनी 'राडा', 'कडक' वगैरे लिहिलं. नाना एक चक्कर मारून आले आणि खाली उतरून एवढंच म्हणाले, "उंटावर बसल्यासारखं वाटतंय रे."

तो जुलै आमच्या जिल्ह्यासाठी वाईट होता. १९ तारखेच्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. घरात सगळे सुन्न होते. नानांनी स्पष्ट सांगितलं होतं, पावसात डोंगराच्या अंगाला हिंडायचं नाही. मी म्हटलं, डोंगराला कुठे जातोय, आपल्याच शेताकडे तर जातोय. महिना संपता संपता एका दुपारी पाऊस उघडला आणि मी जीप काढली. सोबत चुलतभाऊ, नानांचा धाकटा, इयत्ता आठवी. तो शूटिंग करणार होता.

आमच्या शेताकडे जाताना एक ओढा लागतो. गुडघाभर पाणी होतं. फोर-व्हील, लो, पहिला गिअर. जीप म्हशीसारखी शांतपणे पार झाली. पण व्हिडिओत पाणी उडायला हवं ना? म्हणून परत. पुन्हा परत. पाच-सहा वेळा तो ओढा ओलांडला. शेवटी मनासारखा 'शॉट' मिळाला आणि आम्ही घराकडे निघालो. तिथून कच्चा रस्ता उताराने खाली येतो आणि थेट हायवेला मिळतो. मी लो काढला, हाय टाकला आणि मोठ्या ऐटीत गाडी न्यूट्रलवर सोडली. डिझेल वाचतं म्हणून!

ब्रेक दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. पाय पार खाली गेला, गाडी मात्र आपल्याच मस्तीत.

ड्रमब्रेकमध्ये पाणी शिरलं की लायनिंग आणि ड्रममध्ये पाण्याचा थर बसतो, घर्षण उरत नाही. उपाय साधा असतो. पाण्यातून बाहेर आलं की सपाटीवर हळू चालवत ब्रेक हलका दाबून ठेवायचा, उष्णतेने ड्रम सुकतात. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. व्हायवाला विचारलं असतं तर घडाघडा सांगितलं असतं. पण त्या उतारावर मला ते आठवलं नाही. गिअर टाकायचा प्रयत्न केला, नुसता खरखर आवाज. हँडब्रेक ओढला, नावालाच. समोर हायवे. डावीकडून एक कंटेनर येताना दिसत होता. मागून आवाज आला, "दादा!"

मी स्टेअरिंग शेताच्या बांधाकडे फिरवलं. बंपर बांधात घुसला, जीप एका बाजूला उचलली गेली, क्षणभर वाटलं आता उलटली, आणि मग धपकन खाली बसली. हायवे तिथून फार तर दहा पावलांवर होता. कंटेनर हॉर्न देत निघून गेला. भावाचं कपाळ समोरच्या दांड्यावर आपटलं होतं. रक्त बघून माझे हातपाय गळाले. त्याला तीन टाके पडले. गाडीत सीटबेल्ट नव्हतेच. आठ हजारांच्या बंपरसाठी पैसे होते, बेल्टसाठी नव्हते.

नाना ओरडतील, एक ठेवून देतील, अशी माझी तयारी होती. त्यांनी काहीच केलं नाही. दवाखान्यातून आल्यावर जीपभोवती फिरले, वाकून खाली बघितलं. त्या जड बंपरच्या धक्क्याने चासीच्या टोकाला तडा गेला होता. बऱ्याच वेळाने म्हणाले, "चढताना सगळ्याच जीपा चांगल्या असतात. जीप कळते ती उतरताना." आणि घरात गेले. काकी मात्र दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ते जास्त लागलं.

पुढची गंमत अजून बाकी होती. त्याच वर्षाअखेर जीपच्या नोंदणीची मुदत संपत होती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० वरून ५००० रुपये झालेली. ग्रीन टॅक्स वेगळा. आणि गाडी तपासणीला न्यायची म्हणजे ती कागदावर जशी आहे तशी हवी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. कायद्यात त्याच वर्षी सुधारणा झाली, त्यात मालकाने असा बदल केल्यास प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि माझ्या लाडक्या बंपरसारख्या क्रॅशगार्डवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी आणली होती. मालक म्हणून कागदावर नाव कुणाचं? नानांचं. गुन्हा माझा आणि आरोपी ते!

मग मी मान खाली घालून कळंबोलीला चाचांकडे गेलो. त्यांनी "सांगितलं होतं ना" असं एकदाही म्हटलं नाही, फक्त माझ्या हातात पाना दिला. गणपतीपासून दिवाळीपर्यंत दर शनिवार-रविवारी हॉस्टेलवरून येऊन मी तिथे राबलो. शॅकल मूळचे, टायर मूळ मापाचे पण चिखलाच्या नक्षीचे, चासीचा तडा नीट साफ करून वेल्ड आणि वर पट्टी. चारही चाकांचे व्हील सिलिंडर आणि लायनिंग नवे. ॲक्सलच्या ब्रीदरला नळी लावून ती वर नेली, म्हणजे ओढ्यातलं पाणी आत ओढलं जात नाही. पुढेमागे चासीला पक्के टो-हूक आणि चारही जणांना सीटबेल्ट. मोठे टायर निम्म्या किमतीला गेले. लॅपटॉप अर्थातच आला नाही. एसईचं आख्खं वर्ष रूममेटच्या लॅपटॉपवर काढलं, तोही रात्री दोननंतर तो झोपला की. आईला खरं सांगितलं ते दिवाळीला. ती म्हणाली, "पैशाचं राहू दे, खोटं का बोललास?" याला उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

जीप तपासणीत पास झाली. आता २०२८ पर्यंत काळजी नाही.

गंमत म्हणजे ही 'साधी' जीप त्या 'मॉडिफाइड' जीपपेक्षा चिखलात चांगली चालते. टायरमधली हवा थोडी कमी केली की जमिनीला टेकणारा भाग वाढतो. शेताबाहेर डांबरावर यायच्या आधी हवा भरायची आणि फोर-व्हील काढायचं, कारण मध्ये डिफरन्शियल नाही आणि कोरड्या डांबरावर सगळा ताण गिअरांवर येतो. ओढा ओलांडला की ब्रेक सुकवायचे. उतारावर न्यूट्रल नाही. जीप ज्या गिअरमध्ये चढेल त्याच गिअरमध्ये उतरवायची. एवढंच. यात बेचाळीस हजारांचं काही नाही. ज्यांना खरंच शिकायचंय त्यांनी इगतपुरीजवळच्या ऑफ-रोड प्रशिक्षण केंद्रात जावं, नाहीतर आपल्या कॉलेजच्या बाहा टीममध्ये घुसावं. २००७ पासून दरवर्षी देशभरातली पोरं स्वतः बनवलेल्या गाड्या तिथे चिखलात घालतात, पण त्याआधी ब्रेक टेस्ट पास व्हावी लागते. ही अट ज्याने ठेवली त्याला माझा साष्टांग नमस्कार.

गेल्या वर्षी विंगमधले चौघे गावी आले होते. एक म्हणाला, चल ना, जीप अभयारण्यात घालू, मस्त व्हिडिओ होईल. मी सांगितलं, ते जंगल आहे, आपलं शेत नाही. तिथे कायदा आहेच, पण कायदा नसता तरी नसती घातली. जीप रस्त्याच्या कडेला नीट लावली आणि आम्ही पायी किल्ल्यावर गेलो. सुळक्यावर मधमाश्यांची पोळी आहेत, तिथे आवाज करायचा नाही म्हटल्यावर आमची गँग दोन तास चक्क गप्प बसली. खालून स्वर्गीय नर्तकाची पांढरी शेपटी झाडाझाडांतून सळसळत गेली. चौघांपैकी एकालाही मोबाईल काढायचं सुचलं नाही.

परत आलो तर जीपजवळ नाना उभे. एसटीने आले होते, आम्हाला उशीर झाला म्हणून. किल्ली माझ्याच खिशात होती. मी ती पुढे केली, तर त्यांनी हात मागे घेतला आणि बाजूच्या सीटवर जाऊन बसले. सीटबेल्ट लावला. म्हणाले, "चल, तूच घे."

अपघातानंतर ते माझ्या बाजूला पहिल्यांदाच बसत होते. घरापर्यंतचा रस्ता तसा दहा मिनिटांचा. मी वीस मिनिटं लावली.

(अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)