कमरेवरचा ताबा

परवाना हातात पडला, पिस्तूल घरी आलं, की माणूस कव्हरासाठी येतो. होल्स्टर हा शब्द दुकानदारांचा. आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावात सगळे कव्हरच म्हणतात. आल्या आल्या पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘हत्यार पटकन निघंल ना?’’ मी आधी दुसरंच विचारतो. दिवसभर बसता कशावर? मोटारसायकलवर, बोलेरोत, की दुकानाच्या गादीवर? हळदीला पाणी द्यायला स्वतः वाकता का? घरात लहान लेकरं आहेत का? हत्यार उपसायची वेळ बहुतेकांच्या आयुष्यात येत नाही, आणि येऊही नये. कमरेला मात्र ते रोज असतं. कव्हर काय आणि काडतूस काय, निवडायचं ते या रोजच्या दिवसासाठी, असं माझं ठाम मत आहे.

आमच्या घरात कातडं पिढ्यान्‌पिढ्या. मोटा गेल्या, बैलांचे पट्टे कमी झाले, पण रापी आणि आरी हातातून सुटली नाही. हिंगोली ही निजामाच्या काळात हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती; आज तिथे राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे. त्यामुळे कमरपट्टे, म्यानं, कव्हरं यांची पारख या भागाला आहे. काडतुसांबद्दल मला जे कळतं, ते पोलिसांच्या शस्त्रागारात हयात घालवलेल्या एका निवृत्त माणसाच्या शेजारी बसून कळलं.

माझ्या कामाचं पहिलं माप कायद्यानेच घालून दिलं आहे. शस्त्र नियम २०१६ सांगतात, की सार्वजनिक जागी पिस्तूल न्यायचं तर ते अंगावर बांधलेल्या होल्स्टरमध्ये हवं, पूर्ण झाकलेलं हवं आणि बाळगणाऱ्याचा त्यावर ताबा हवा. या तीन अटींत आमची सगळी कारागिरी आली. लग्नाच्या वरातीत मूठ चमकावी म्हणून अर्धं उघडं कव्हर मागणारे येतात. त्यांना मी सरळ नाही म्हणतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर हर्षाच्या भरात झाडलेल्या गोळीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पण शिक्षा नसती तरी मी नाहीच म्हटलं असतं. वर झाडलेली गोळी खाली कुणाच्या अंगणात पडेल, याचा नेम नाही.

हत्यार माझ्याकडे ठेवून जायचं नाही, हा माझा दुसरा नियम. परवाना त्यांच्या नावावर आहे, माझ्या नाही. त्यांनी समोर बसायचं, मॅगझिन काढायचं, स्लाइड मागे ओढायची, चेंबरमध्ये डोळ्याने बघायचं आणि बोटानेही चाचपायचं. मग ते पिस्तूल कागदावर आडवं धरतात आणि मी पेन्सिलीने कडेकडेने रेघ ओढतो. जाडी, मुठीचा कल, चापाच्या कड्याची जागा, सगळी मापं टिपतो. सुताराकडून त्या मापाचा सागवानी फरमा करून घेतो. पुढचं सगळं काम त्या लाकडावर.

कातडं म्हशीचं, पाठीचं. पोटाकडचं ताणलं जातं, आकार सोडतं. बाभळीच्या सालीत कमावलेलं असावं; क्रोमचं मऊ निघतं, घडी धरत नाही. तीन ते साडेतीन मिलिमीटर जाडी पुरते. कातडं कोमट पाण्यात भिजवायचं, फरम्यावर चढवायचं आणि गुळगुळीत हाडाने घासत घासत बसवायचं. चापाच्या कड्याभोवती सगळ्यात जास्त वेळ द्यायचा. तिथला खळगा नीट उमटला, की पिस्तूल त्यात बसतं आणि आपोआप हलत नाही. वाळवायचं सावलीत. मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन कातडं तडकवतं. शिलाई दोन सुयांची, मेण लावलेल्या दोऱ्याची. एक टाका तुटला तरी शेजारचा उसवत नाही.

कव्हराची खरी परीक्षा तोंडाशी होते. स्वस्त, मऊ कव्हराचं तोंड पिस्तूल काढलं की मिटतं. मग परत ठेवताना दुसरा हात लागतो, कातड्याची दुमड आत जाते आणि तीच चापावर दाबली जाते. नळी तेव्हा स्वतःच्याच मांडीकडे असते. म्हणून मी तोंडाला आतून कातड्याची जादा पट्टी शिवतो. तोंड उघडंच राहिलं पाहिजे आणि चाप पूर्ण झाकलाच पाहिजे. पट्टाही तेवढाच महत्त्वाचा: दीड इंच रुंद, दोन थरांचा. पातळ पट्ट्यावर पिस्तूल लोंबतं, आणि माणूस सारखा हात लावून ते सावरत राहतो. झाकलेलं हत्यार तिथेच उघडं पडतं.

आता काडतूस. बाजारात ‘बत्तीस बोअर’ म्हटलं की भागत नाही. कानपूरच्या निर्भीक रिव्हॉल्व्हरचं काडतूस वेगळं आणि इशापूरच्या अशनी पिस्तुलाचं वेगळं. पिस्तुलाचं ते ७.६५ मिलिमीटरचं, जॉन ब्राउनिंगने १८९९ साली आणलेलं. त्याच्या बुडाची कड पुंगळीपेक्षा किंचित रुंद असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे बसली पाहिजे. ती मागे गेली, तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि पिस्तूल ऐन वेळी मुकं होतं. पोकळ टोकाची गोळी आखूड असते, मॅगझिनमध्ये तिला सरकायला जागा मिळते, त्यामुळे हा अडकण्याचा धोका वाढतो. शिवाय एवढ्या लहान काडतुसात तिचं टोक उमलेलच असंही नाही. म्हणून या पिस्तुलाला गोल टोकाची, जॅकेट असलेली साधी गोळीच बरी. बुडावर ‘केएफ’ असा ठसा असतो तो खडकीच्या १८६९पासूनच्या दारूगोळा कारखान्याचा. कोणतंही घ्या, पण परवानाधारी दुकानातून पावतीनिशी घ्या, आणि त्यातली काही रेंजवर स्वतःच्या पिस्तुलातून चालवून बघा. आपलं पिस्तूल जे विनातक्रार गिळतं, तेच आपलं काडतूस.

एक खूण सगळ्यांना दाखवतो. रोज रात्री पिस्तूल रिकामं करून सकाळी तेच काडतूस पुन्हा चेंबरमध्ये ढकलणारे पुष्कळ आहेत. प्रत्येक वेळी गोळीचं टोक धडकतं आणि हळूहळू पुंगळीत आत दबतं. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो. जुनं आणि नवं काडतूस शेजारी शेजारी उभं करा. जुनं बुटकं दिसलं की ते बाजूला काढा.

कातडं आणि पितळ यांचं तर वैरच आहे. बाभळीच्या सालीतला तुरटपणा कातड्यात राहतो आणि पितळावर हिरवा थर चढवतो. काडतुसं कव्हराच्या कप्प्यात पावसाळाभर राहिली, की बोटाला हिरवं लागतं. तेच लोखंडाचं. निवडणुकीच्या आचारसंहितेत हत्यार ठाण्यात जमा करायची वेळ येते, तेव्हा काहीजण ते कव्हरासकट देतात. परत मिळेपर्यंत ओल धरलेल्या कातड्याने नळीवर तांबूस ठिपके काढलेले असतात. कव्हर कमरेसाठी आहे. घरी हत्यार तेलाचा हात फिरवून, रिकामं, कुलपात ठेवायचं आणि काडतुसं वेगळी.

कव्हर देताना मी सांगतो, आठवडाभर रिकाम्या पिस्तुलानिशी वापरा. वाका, बसा, गाडी चालवा, घरी आल्यावर कुलपात ठेवा. कुठे टोचलं, कुठे सैल वाटलं, ते सांगायला या; दुरुस्तीचे पैसे घेत नाही. एवढ्याचा ज्याला कंटाळा येतो, त्याच्या कमरेला भरलेलं हत्यार बांधायला माझं मन धजत नाही.