पंधरातले आठ रुपये

वर्गमित्रांनो, आणि भित्तिपत्रकापुढे घटकाभर थांबलेल्या पालकहो,

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म आपल्याच गुहागर तालुक्यात, कोतळूक गावी, ९ मे १८६६ रोजी झाला, हे आपल्या शाळेतल्या तिसरीच्या मुलालाही पाठ आहे. १९०५ साली ते बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी १२ जूनला त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. महात्मा गांधी त्यांना आपले राजकीय गुरू मानीत. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी ते वारले. एवढे आपण भाषणात दरवर्षी म्हणतो. झोपेतून उठवले तरी म्हणता येईल.

या अंकासाठी बाईंनी 'माझी आवडती व्यक्ती' हा विषय दिला, तेव्हा वर्गातल्या सहा जणांनी गोखल्यांचे नाव घेतले. मीही गोखलेच म्हणाले. पण गोपाळ नव्हे, गोविंद. सगळे हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. "लिही," एवढेच म्हणाल्या.

गोविंदराव म्हणजे गोपाळरावांचे थोरले भाऊ. त्यांची जयंती नसते, त्यांच्यावर भाषण नसते. ते नुसते घरातले माणूस होते. पण ते घर त्यांनी कसे धरून ठेवले ते ऐका.

वडील कृष्णराव गोखले हे नोकरीसाठी घाट चढून कोल्हापूरजवळच्या कागल संस्थानात गेले होते. तेव्हा घाटावर जायला एस.टी. नव्हती की रेल्वे नव्हती. आधी कारकून, पुढे फौजदार, असे ते चढत गेले. दोघे मुलगे शिकायला कोल्हापुरात ठेवले होते. घरात दोन मुलगे आणि चार मुली. १८७९ साली वडील अचानक वारले. गाठीला काही नव्हते. आई मुलींना घेऊन कोकणात ताम्हणमळ्याला परत आली. त्या वेळी गोपाळ तेरा वर्षांचा होता आणि गोविंद अठरा वर्षांचा. आज अठरा वर्षांचा मुलगा म्हणजे बारावीचा निकाल लागून घरी बसलेला दादा. गोविंदरावांचे तर लग्नही झालेले होते.

गोविंदरावांनी शाळा सोडली आणि नोकरी धरली. पगार महिना १५ रुपये. त्यातले ८ रुपये ते दर महिन्याला गोपाळच्या शिक्षणासाठी कोल्हापूरला पाठवीत.

आता आपण पहिलीपासून वजाबाकी करतो. १५ वजा ८ बरोबर ७. हे सात रुपये घराला. माझ्या मनात येते, अर्धे-अर्धे केले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. साडेसात तुला, साडेसात आम्हांला. पण नाही. मोठा वाटा त्याला, जो एकटा आहे त्याला. मला गोविंदराव आवडले ते या एका वजाबाकीमुळे. आठ हा आकडा त्यांनी काय विचार करून ठरवला असेल, कोणाशी बोलले असतील, हे मी खूप वेळा मनात आणून पाहिले आहे.

तिकडे कोल्हापुरात गोपाळही पैसा जपून खर्च करी. स्वतःच्या हाताने स्वयंपाक करी. त्याची एक गोष्ट सांगतात. एका मित्राने त्याला नाटकाला नेले. गोपाळला वाटले, मित्राने आवडीने नेले. नंतर मित्राने तिकिटाचे पैसे मागितले. गोपाळने काही न बोलता दिले, आणि तेवढी भर निघावी म्हणून दिव्याचे तेल वाचवून रस्त्यावरच्या कंदिलाखाली अभ्यास केला. ही गोष्ट आपण गोपाळची म्हणून ऐकतो. पण ते तेल गोविंदरावांच्या आठ रुपयांतले होते, म्हणून त्याला ते जपावेसे वाटले असेल.

१८८१ साली गोपाळ मॅट्रिक झाला. दादाचे ओझे कमी व्हावे म्हणून तो म्हणाला, आता मी नोकरी करतो. घरात पैशाची ओढाताण होतीच. पण दादा-वहिनींनी ऐकले नाही. कॉलेजच्या खर्चासाठी वहिनीने आपले दागिने पुढे केले. मग गोपाळ आधी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात, थोडे दिवस पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणि शेवटी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकला आणि १८८४ साली बी.ए. झाला. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. ज्या वयात एका भावाची शाळा सुटली, त्याच वयात दुसरा भाऊ पदवीधर झाला!

हे वाचताना मला आमच्या आबांची आठवण आली. आबा म्हणजे माझे आजोबा. ते गेल्या श्रावणात वारले. आमच्या वाडीतल्यांना ते ठाऊक आहेत, बाकीच्यांसाठी थोडे सांगते.

आबा सातवी पास झाले आणि सतराव्या वर्षी मुंबईला गेले. साल १९६८. लालबागला गावकऱ्यांची एक खोली होती, तिच्यात वीस-बावीस माणसे पाळीपाळीने झोपत. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच जागी आडवा होई. आबा आधी बदली कामगार होते, मग साच्यावर कायम झाले. त्यांचा धाकटा भाऊ हुशार. त्याला शिकवायचे असे आबांनी मुंबईला जातानाच ठरवले होते. दर महिन्याच्या दहा-बारा तारखेला पोस्टमन मनिऑर्डर घेऊन येई. मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली एक कुपन असे, त्यावर चार ओळी लिहायची सोय होती. आबांची ती कुपने आजीने पत्र्याच्या डब्यात ठेवली आहेत. मी वाचली आहेत. खुशाली वगैरे काही नाही. एकावर लिहिले आहे : "रु. ६०. पैकी ३५ धाकट्यास. २५ घरात. छत्री नवी घेऊ नये, जुनी शिवावी."

पुढे धाकटे आजोबा डी.एड्. झाले आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक लागले. आज तीन गावांत लोक त्यांना गुरुजी म्हणून नमस्कार करतात. आबांना सगळे 'गुरुजींचा भाऊ' म्हणत. थोरला असून! मी एकदा विचारले, "आबा, तुम्हांला वाईट नाय वाटत?" ते सुपारी कातरत होते. म्हणाले, "मंग? हायेच मी त्याचा भाव." आणि पुन्हा सुपारी कातरू लागले.

आबा फार गोड बोलत असे कोणी समजू नये. ते तिरसट होते. ताटात भात टाकला की ओरडत. आमच्या वडिलांना त्यांनी जवळ घेतलेले वडिलांना आठवतच नाही, कारण आबा वर्षातून दोनदा येत, शिमग्याला आणि गणपतीला, आणि आठ दिवसांत परत जात. मुले ओळखायला लागेपर्यंत एस.टी.ची वेळ होई. माणूस घरासाठी सगळे करतो आणि घरात मात्र नसतो, असे कोकणात पुष्कळांचे झाले आहे. माझ्या आबांचे चांगले सांगताना हेही सांगितले पाहिजे, नाहीतर आजीला ते पटणार नाही.

आजीला मी गोविंदरावांच्या पत्नीने दागिने पुढे केल्याची गोष्ट वाचून दाखवली. आजी तांदूळ निवडत होती. ऐकून म्हणाली, "तिनं सोताहून दिलंन. माजं डोरलं सोडून सगलं गेलं धाकट्याच्या शिक्षनाला. मला कोन इचारतंय?" मग थोडे तांदूळ निवडून झाल्यावर म्हणाली, "पन इचारलान असतान तरी मी नाय बोलली नसती." हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवले आहे. आजीला तिचे दागिने परत मिळाले, बांगड्यांची जोडी सोडून. त्या बांगड्यांचे अजून तिच्या बोलण्यात येते.

गोपाळराव मात्र दादाला विसरले नाहीत. १८८५ साली ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये महिना ३५ रुपयांवर शिक्षक लागले आणि त्यातून भावाच्या डोक्यावरचे कर्ज फेडायला हातभार लावू लागले. पुढे १८८६ साली ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. पगार ७५ रुपये, आणि वीस वर्षे तेथेच शिकवण्याचे बंधन. एवढा शिकलेला भाऊ वकील झाला असता किंवा सरकारात गेला असता तर घरी पैसाच पैसा आला असता. गोविंदरावांनी ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस असा हाताशी येऊन पुन्हा लांब गेला. तरी त्यांनी भावाला अडवले नाही. मला वाटते, आठ रुपये पाठवण्यापेक्षा हे जड असेल. पैसे देणे पुष्कळांना जमते. आपण शिकवलेल्या माणसाला त्याच्या मनासारखे वागू देणे सगळ्यांना जमत नाही. आमच्या वाडीतली भांडणे ऐकून मी हे सांगते आहे, नावे विचारू नका.

१९८२ साली १८ जानेवारीला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. आबा त्यांतलेच एक. संप मिटला असे कोणी कधी सांगितलेच नाही, आणि पुष्कळांची नोकरी पुन्हा मिळाली नाही. आबा गाशा गुंडाळून गावी आले. तेव्हा गुरुजींनी आबांना दर महिन्याला पैसे द्यायला सुरुवात केली. आबा ते हातात घेत नसत. मग गुरुजी येत आणि आजीच्या मसाल्याच्या डब्याखाली ठेवून जात. दोघा भावांत यावर एक शब्द कधी झाला नाही. आमच्या घरावरची नळ्याची कौले काढून मंगलोरी कौले घातली ती त्याच पैशातून.

आता गोपाळरावांच्या एका कामाकडे येते, कारण त्याच्याशी आपल्या शाळेचा संबंध आहे. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ६ ते १० वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची करावी आणि ज्या पालकांची मिळकत महिना १० रुपयांच्या वर नाही त्यांच्याकडून फी घेऊ नये, असे त्यात होते. लक्षात आले का? गोविंदरावांचा पगार १५ रुपये! म्हणजे त्या कायद्यातसुद्धा गोविंदरावांना धाकट्याची फी भरावीच लागली असती. १९१२ च्या मार्चमध्ये मते पडली : बाजूने १३, विरुद्ध ३८. विधेयक पडले. आपल्याला हा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आता ६ ते १४ वर्षांच्या सर्व मुलामुलींना शाळा मोफत आहे.

मुलामुलींना असे मी मुद्दाम लिहिले. गोखल्यांच्या विधेयकात सुरुवात मुलग्यांपासून होती, मुलींचे पुढे पाहायचे होते. गोखल्यांच्या घरात चार बहिणीही होत्या. त्या आठ रुपयांत त्यांचा विचार नव्हता. तो काळच तसा होता, असे बाई म्हणाल्या. आमच्या आबांनाही एक बहीण होती. तिचे लग्न पंधराव्या वर्षी झाले. तिला सही करता येते, एवढेच.

म्हणूनच असेल, आबा माझ्या शाळेच्या मागे फार लागत. मी पाचवीत गेले तेव्हा त्यांनी विचारले, "बाय, आठवीला एस्टीन जावं लागंल. पासाला किती पडतील?" मी म्हटले, "आबा, मुलींना पास फुकट असतो." त्यांना ते खरे वाटेना. त्यांनी गुरुजींना विचारले. गुरुजींनी सांगितले, हो, फुकट असतो. कंडक्टरलाही विचारले. तोही हो म्हणाला. तरी आबा म्हणाले, "सरकार आज देतंय, उद्या नाय दिलान तं?"

त्यांच्या बाराव्यानंतर आजीने मनिऑर्डरच्या कुपनांचा डबा काढला. कुपनांच्या खाली वर्तमानपत्राच्या कागदात दहा-दहाच्या नोटा होत्या. सत्तावीस नोटा. दर महिन्याला एक. कागदावर आबांच्या अक्षरात लिहिले होते : "बायच्या पासास."

जूनमध्ये मी आठवीला जाईन. पास फुकटच मिळेल. ते पैसे अजून डब्यातच आहेत, आजी कोणाला हात लावू देत नाही.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी