थापटण्याची पारख

या पानावर मोटारगाडीचा विषय पाहून तुम्ही चपापाल. पण आपले संत प्रपंच सोडून बसले नव्हते. नामदेवराय शिंपी, सावतोबा माळी, गोरोबाकाका कुंभार. प्रत्येकाला आपला माल पारखता येत होता.

माझा नातू पुण्यात नोकरी करतो. त्याच्या मनात उघड्या टपाची, जर्मन बनावटीची जुनी गाडी भरली. नवी असताना चाळीस लाखांच्या पुढची ती वस्तू आता बारा लाखांत मिळत होती. ‘आजोबा, घेऊ का?’ म्हणाला. कीर्तनातून वैराग्य सांगण्यात माझी हयात गेली. ‘नको’ म्हणणे सोपे होते. पण पैसा त्याच्या कष्टाचा, आणि धाकट्या बहिणीचे लग्नही तोंडावर. म्हटले, आधी हिशेब मांड.

गाड्या दोन होत्या. एक २०१४ ची, ३१ हजार किलोमीटर चाललेली. दुसरी २०१६ ची, ७८ हजार चाललेली. नातवाचा ओढा पहिलीकडे. मी म्हटले, दावणीला बांधून ठेवलेला बैल कमी चालला म्हणून तरणा ठरत नाही. वय दातांवरून कळते. ओळखीच्या मिस्त्रीनेही तेच सांगितले. टपाचे कापड, काचांभोवतीचे रबर, तेलाच्या नळ्या या वस्तू उभ्या गाडीतही झिजतात. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पहिल्या गाडीच्या टायरवर २२१४ होते. नक्षी शाबूत, पण रबर म्हातारे. शिवाय मीटर मागे फिरवताही येतो. म्हणून प्रत्येक सर्व्हिसच्या नोंदीतले किलोमीटर ताडून पाहावेत. पहिलीच्या नोंदी मधूनच तुटलेल्या; दुसरीच्या सलग होत्या.

मिस्त्रीचे एक वाक्य मला फार आवडले. ‘महाराज, गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही.’ टप उघडणारा पंप बिघडला, तर खर्च लाखाच्या घरात जातो. नातवाने लग्नाची रक्कम बाजूला काढली, मग दुरुस्तीची काढली. गाडी घेण्यापुरते उरले, पण सांभाळण्यापुरते उरेना. त्याने खरेदी पुढे ढकलली. तोंड उतरले होते, पण निर्णय त्याचा होता.

आता आपल्याकडे वळू. तेरढोकीची कथा तुम्हाला ठाऊक आहे. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी मडकी पारखायचे थापटणे संतांच्या डोक्यावर चालवले. नामदेवरायांची कीर्ती केवढी! तरी मडके कच्चे निघाले, आणि त्यांना विसोबा खेचरांकडे जावे लागले.

माझ्याही किती वाऱ्या झाल्या, हे लोक कौतुकाने विचारतात. आळंदी ते पंढरी सुमारे अडीचशे किलोमीटर; गुणाकार केला तर आकडा मोठा होतो. पण तोही मीटरच. आषाढीला चाललो आणि उरलेले अकरा महिने हरिपाठ खुंटीला टांगला, तर नोंदी तुटल्याच. ज्या म्हातारीचे गुडघे गेले, जिला आता वारी होत नाही, पण जिची एकादशी आणि सांजेचा हरिपाठ कधी चुकला नाही, तिची वही सलग आहे.

माउली, आपल्या वारीचा आकडा सांगण्याआधी कालचा दिवस आठवून पाहा. हरिपाठ झाला का? घरातल्यांशी गोड बोललो का? थापटणे तिथे मारावे, आवाज लगेच कळतो.