पप्पांची एएमसी

"अडतीस हजार? वर्षाला? आणि मना झालंय काय?"

रविवारची दुपार. आईने निवट्यांचं कालवण केलेलं. पप्पा सारसोळे जेट्टीवर मित्रांशी गप्पा मारून नुकतेच घरी आलेले. मूड एकदम मस्त. आणि मी नेमका तोच मुहूर्त साधून त्यांच्यासमोर लॅपटॉप ठेवला. स्क्रीनवर हेल्थ इन्शुरन्सचं कोटेशन. नवरा-बायको, वय ५३ आणि ४९, कव्हर दहा लाखांचं, प्रीमियम अडतीस हजार.

पप्पांनी आकडा बघितला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितला. आकडा तोच होता.

"जीएसटी गेला म्हणून एवढ्यावर आहे. २२ सप्टेंबर २०२५च्या आधी यावर अठरा टक्के लागले असते. म्हणजे ४४,८४०," मी माहिती पुरवली. मास कॉमची डिग्री अशा वेळी कामाला येते. पप्पांनी लॅपटॉपवरून नजर काढून कालवणाकडे वळवली. विषय संपला.

"मना झालंय काय" याचं उत्तर खरं तर घरात सगळ्यांना माहीत होतं. शुगर. वर्षापूर्वी पायाची जखम भरेना म्हणून रक्त तपासलं, तर तीन महिन्यांची सरासरी ७.४ आली. रोज एक गोळी सुरू झाली. गोळी ते घेतात, पण शुगर झालीय असं म्हणत नाहीत. "थोडी वाढली होती" असं म्हणतात.

आता माझी चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी मी नोकरी सोडून फ्रीलान्स झाले. सेंड-ऑफला केक कापला, ग्रुप फोटो काढला, सगळं कसं एकदम कूल. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत माझ्यासोबत आई-पप्पाही होते आणि शेवटच्या दिवशी ते कव्हरही गेलं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एचआरच्या मेलमध्ये खाली एक ओळ होती. त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेऊन ग्रुपमधली वर्षं मोजून घेण्यासाठी अर्ज करता येतो, अशी. ती ओळ मी वाचली नाही. तेव्हा पप्पांना शुगर नव्हती. निदान कागदावर तरी नव्हती. तुमच्यापैकी जे सध्या कंपनीच्या कार्डावर आई-बाबांना टाकून निवांत आहेत, त्यांनी आज घरी जाऊन एवढं एकच बघा: उद्या नोकरी सुटली तर काय?

मला हे आठवलं ते पप्पांच्या जेट्टीवरच्या एका दोस्तामुळे. वय ५१. सकाळी छातीत दुखलं, घरच्यांनी जवळच्या खासगी हॉस्पिटलमध्ये नेलं, दोन स्टेंट पडले. बिल तीन लाख चाळीस हजार. काकूंचे दागिने बँकेत गेले. उरलेलं मित्रांनी जमवलं. पप्पांनीही वीस हजार दिले. असे पैसे परत मागायचे नसतात.

"बघ," पप्पा मला म्हणाले, "गाव हाय ना आपला. कशाला पायजे इन्शुरन्स?"

मी यावर बरेच दिवस विचार केला, कारण पप्पांचं म्हणणं अगदीच चूक नाही. दहा जणांनी पैसे काढायचे आणि ज्याच्यावर वेळ आली त्याला द्यायचे, यालाच तर इन्शुरन्स म्हणतात. फक्त हे दहाही जण आता पन्नाशीत आहेत. कुणाला बीपी, कुणाला शुगर, कुणाचे गुडघे गेलेले. पुढच्या दहा वर्षांत प्रत्येकाचा नंबर लागणार. मग काढणार कोण आणि देणार कोणाला? विमा कंपनीच्या पिशवीत पंचविशीतल्या पोरांचेही पैसे असतात. फरक तेवढाच आहे.

दुसरा मुद्दा आईचा. आई म्हणजे आमच्या घरचं अर्थखातं. "तेवढेच पैसे एफडीत टाकले तर?" केला हिशोब. वर्षाला अडतीस हजार, साडेसहा टक्के व्याज, दहा वर्षं. साधारण साडेपाच लाख होतात. दहा वर्षांत काहीच झालं नाही, तर आई जिंकली आणि मी मूर्ख ठरले. पण दुसऱ्याच वर्षी काही झालं तर हातात पाऊण लाखाच्या आसपास असतील. आजार काही एफडी मॅच्युअर व्हायची वाट बघत नाही. उलट बाजूही खरी आहे. प्रीमियम अडतीस हजारांवर थांबत नाही, वयाबरोबर वाढतो. साठीनंतर वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर विमा कंपनीने आधी नियामकाशी बोलायला हवं, असा नियम जानेवारी २०२५मध्ये आला. पप्पांना साठी गाठायला अजून सात वर्षं आहेत.

मग सरकारी योजना बघितल्या. २०१२मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून जी सुरू झाली, तीच आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. आता ती फक्त पिवळ्या-केशरी रेशन कार्डापुरती राहिलेली नाही, पांढरं कार्डवालेही त्यात आहेत. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, आणि जुना आजार असला तरी चालतो. अट एवढीच की उपचार योजनेच्या यादीतला हवा आणि हॉस्पिटल योजनेत हवं. पप्पांच्या दोस्ताला नेलं ते नव्हतं. छातीत कळ आल्यावर यादी कोण बघतं? म्हणून ती आधीच बघून ठेवायची. आमच्या फ्रिजवर आता नेरूळ-वाशी-बेलापूर पट्ट्यातली, योजनेत असलेली हॉस्पिटलं लिहिलेला कागद आहे. खर्च शून्य. सत्तरी ओलांडलेल्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४पासून आयुष्मान भारतमध्ये पाच लाखांचं कव्हर मिळतं. त्यासाठी पप्पांना अजून सतरा वर्षं थांबावं लागेल.

म्हणजे पंचाईत मधल्या वयाची. तरुणांना ऑफिस सांभाळतं, म्हाताऱ्यांना सरकार. त्रेपन्न वर्षांच्या, स्वतःचा धंदा करणाऱ्या माणसाचं काय?

पप्पांचा धंदा एसी-फ्रिज रिपेअरिंगचा. घराखालीच छोटं दुकान आहे. पाम बीच रोडवरच्या टॉवर्समध्ये त्यांची बरीच गिऱ्हाइकं. त्यांची कमाई गॅस भरण्यापेक्षा एएमसीवर जास्त चालते. वर्षाचे ठरलेले पैसे द्या, सर्व्हिसिंग आणि दुरुस्ती आमची. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एका ओळखीच्या एजंटला घरी बोलावलं. गोड माणूस. चहा घेता घेता म्हणाला, "शुगर लिहू नका हो दादा. प्रीमियम कमी बसेल. कोण बघतंय?" पप्पांना तो भयंकर आवडला. पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना शुगर नाही असं लेखी द्यायला तयार होतं!

मी मात्र त्या रात्री फंडे क्लिअर करून घेतले. पॉलिसी घेताना असलेला आजार सांगितला, तर त्यासाठी जास्तीत जास्त तीन वर्षांचा वेटिंग पिरियड लागतो. आधी ही मर्यादा चार वर्षांची होती, एप्रिल २०२४पासून तीनवर आली. आजार लपवला आणि पुढे क्लेम आला, तर कंपनी जुने रिपोर्ट मागवते. डॉक्टरांच्या पेपरवर 'डायबेटिस, एक वर्षापासून' अशी एक ओळ सापडली की क्लेम फेटाळला जाऊ शकतो, पॉलिसीसुद्धा रद्द होऊ शकते. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. म्हणजे लपवून वाचणार काही हजार, आणि पाच वर्षं डोक्यावर टांगती तलवार.

हे सगळं मी पप्पांना सांगितलं. "तुला जास्त कळतं," ते म्हणाले. आमच्याकडे याचा अर्थ 'गप्प बस' असा होतो. चार दिवस घरात शीतयुद्ध.

पाचव्या दिवशी पप्पा कामावरून तणतणत आले. एका टॉवरमधल्या माणसाने गेल्याच महिन्यात एएमसी केली होती. मशीन एकदम ओके आहे म्हणून सांगितलेलं. आज पप्पांनी उघडून बघितलं तर कॉइल गळत होती. आधीच कुणीतरी तिला सोल्युशन लावून ठेवलेलं.

"आधी बोलला असता तर मी नाय बोललो असतो काय? सांगितलं असतं, पहिलं कॉइल बदल, त्याचे पैसे वेगळे, मग एएमसी. पण लपवून माझ्या गळ्यात मारायची? केली कॅन्सल."

आई माझ्याकडे बघत होती. मी शक्य तितक्या हळू आवाजात विचारलं, "पप्पा, मग आपण फॉर्मवर काय लिहायचं?"

ते काही बोलले नाहीत. जेवले. हात धुतले. टीव्ही लावला, बंद केला. मग म्हणाले, "लिही. डायबेटिस लिही. गोळीचं नाव पण लिही."

ते 'थोडी वाढली होती' न म्हणता 'डायबेटिस' म्हणाले, ते पहिल्यांदाच.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून पॉलिसी निवडली, आणि एकदा मनावर घेतल्यावर पप्पांनी बारीक अक्षरं माझ्यापेक्षा नीट वाचली. एका स्वस्त पॉलिसीत पाच लाखांचं कव्हर होतं, पण खोलीचं भाडं एक टक्का, म्हणजे दिवसाला पाच हजारांपर्यंतच. आपण आठ हजारांची खोली घेतली तर वरचे तीन हजारच आपल्या खिशातून जातील, असं मला वाटत होतं. तसं नसतं. औषधं, इम्प्लांट वगैरे सोडून, डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग असे खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. हे १,६०,००० झाले तर कंपनी देणार १,००,०००. "ही कंडिशन पयल्या पानावर का नाय?" पप्पांचा प्रश्न रास्त होता.

शेवटी खोलीभाड्याची मर्यादा नसलेलं पाच लाखांचं कव्हर घेतलं आणि पाच लाखांच्या वरच्या बिलांसाठी सुपर टॉप-अप. शुगर सांगून दोन्ही मिळून एकोणतीस हजार. आणि मधल्या तीन वर्षांसाठी आईचीही आयडिया ठेवली. महिन्याला दोन हजारांची रिकरिंग. कारण या काळात शुगरचा किंवा शुगरमुळे झालेला आजार निघाला, तर कंपनी हात वर करणार. टॅक्सचं म्हणाल, तर ८०डी म्हणून जी सूट सगळ्यांना माहीत आहे ती जुन्या कर-पद्धतीत मिळते. मी नव्या पद्धतीत, त्यामुळे माझ्या वाट्याला भोपळा.

वर्थ इट आहे का? लोक मला विचारतात, मी पप्पांच्या वयाच्या जोडप्याचं गणित मांडून दाखवते. पण मला स्वतःला कळलं ते एवढंच, की चाळिशी-पन्नाशीत तुम्ही कव्हरपेक्षा वर्षं विकत घेत असता. वेटिंगचं घड्याळ पहिला प्रीमियम भरल्याशिवाय सुरूच होत नाही. आम्ही ते दोन वर्षं उशिरा सुरू केलं. ती दोन वर्षं एकोणतीस हजारांत येत नाहीत.

पॉलिसीचे कागद आले. नाही आवडलं तर तीस दिवसांत परत करता येतात, असं मी पप्पांना सांगितलं. त्यांनी ते दुकानातल्या लोखंडी कपाटात ठेवले आणि एएमसीची डायरी काढली. त्यात कुणाची सर्व्हिसिंग कधी ड्यू आहे, हे महिन्यावार लिहिलेलं असतं. रिन्यूअलच्या तारखेसमोर त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. त्याखाली आईचं.

मग डायरी मिटत म्हणाले, "तीन वर्षं मशीन बंद पडायला नको, बाय. मग काय टेन्शन नाय."

हल्ली ते जेट्टीपर्यंत स्कूटरने जात नाहीत. चालत जातात.