जुन्यावर नवं चढवताना

अँड्रॉइडचं नवं बिल्ड जुन्यावर चढू द्यायचं की नाही, हे ठरवताना फोन मुख्यतः तीन गोष्टी बघतो. पॅकेजचं नाव तेच हवं, व्हर्जन कोड आधीपेक्षा कमी नको आणि सही त्याच किल्लीची हवी. पहिल्या दोन कोडमध्ये डोळ्यांसमोर असतात. तिसरी असते एका छोट्याशा कीस्टोअर फाइलमध्ये, आणि ती कुणाच्या लॅपटॉपवर आहे याची चौकशी ऐन रिलीजच्या दिवशी सुरू होते.

तुम्ही कोण, कुठले, याच्याशी फोनला देणंघेणं नसतं. सर्टिफिकेट आपलं आपणच बनवायचं. त्यात नाव काहीही घाला. काल ज्यानं सही केली तोच आज आलाय का, एवढंच तो तपासतो. जुन्या ॲपचा खासगी डेटा नव्या बिल्डच्या ताब्यात जायचा असतो, त्यामुळे हा कडकपणा मला रास्तच वाटतो.

खरी कटकट टेस्टिंगच्या बिल्डांची. टेस्टरचा मेसेज येतो, ‘काल चालत होतं, आज इन्स्टॉलच होत नाही.’ कोड उघडायच्या आधी मी विचारतो, बिल्ड कुठल्या मशीनवर केलं? डीबग किल्ली नसेल, तर अँड्रॉइडची टूल्स ती त्या मशीनवर गुपचूप तयार करतात. पासवर्ड सगळीकडे सारखाच, किल्ली मात्र वेगळी. सीआयचं मशीन तर बहुधा दर वेळी कोरंच असतं. टेस्टर बिचारा जुनं ॲप काढतो, नवं टाकतो आणि कामाला लागतो. पण ॲपबरोबर त्याचा डेटाबेसही गेलेला असतो. जुने टेबल नव्या रचनेत नीट उतरतात का, हे तर त्याच्यावरच बघायचं होतं! रोज असं कोऱ्यावर टाकलेलं बिल्ड अपडेट म्हणून कधी तपासलंच जात नाही. म्हणून डीबगची एकच किल्ली मी सरळ रेपोत ठेवतो. तिच्यात लपवण्यासारखं काही नाही. रिलीजची किल्ली मात्र रेपोच्या आसपासही नको.

तिचा हिशेब लांबचा. प्ले स्टोअरला सर्टिफिकेट २२ ऑक्टोबर २०३३ नंतरही वैध लागतं. आपण कमांडमध्ये सवयीनं १०,००० दिवस टाकून मोकळे होतो. ऑगस्ट २०२१पासून तिथल्या नव्या ॲप्सची अंतिम सही गूगलकडे होते, आपल्याकडे फक्त अपलोडची किल्ली. ती हरवली तर बदलून मिळते. स्वतःच एपीके वाटणाऱ्यांना ही सोय नाही. अँड्रॉइड ९पासून किल्ली बदलता येते, हे खरं. पण नव्या किल्लीची ग्वाही जुनीनंच द्यायची असल्यामुळे, जुनी हरवून बसलेल्याला त्याचा काय उपयोग?

रिलीजआधी मी एपीकेसाइनरनं सर्टिफिकेटचा ठसा काढून मागच्या रिलीजशी ताडून बघतो. मग टेबलावरच्या जुन्या फोनवर नवं बिल्ड चढवतो. त्यात मागच्या रिलीजचं ॲप भरपूर नोंदींसकट ठेवलेलं असतं, आणि ते कुणी काढू नये म्हणून फोनच्या पाठीवर चिकटपट्टी लावून तसं ठळक लिहून ठेवलंय.