राखण आणि पाळत

गेल्या वर्षी चैत्रात आमच्या सेक्टर ६ मधील शेजारच्या क्वार्टरात चोरी झाली. घरची मंडळी एका लग्नासाठी तीन दिवस राजनांदगावला गेली होती. दागिने बँकेत असल्यामुळे वाचले. गेला तो मुख्यतः संगणक. तक्रार नोंदवताना यंत्राचा क्रमांक विचारला गेला, तेव्हा तो कोणालाच सांगता येईना. आपल्या यंत्राला क्रमांक असतो हेच त्या घरात कोणाला ठाऊक नव्हते. त्या गृहस्थांना हळहळ वाटत होती ती यंत्राची नव्हे. मुलीच्या जन्मापासूनची सारी छायाचित्रे त्या एका पेटीत होती, आणि चोराच्या लेखी त्यांची किंमत शून्य होती. ज्याने ती नेली त्याला ती नको होती, आणि ज्यांना हवी होती त्यांच्यापाशी ती राहिली नाहीत. चोरीतली ही विसंगती मला पैशाच्या नुकसानीपेक्षा अधिक क्लेशकारक वाटली.

त्या रात्री मी माझ्या संगणकासमोर बसलो, पण काम झाले नाही. गेली अकरा वर्षे मी भिलाई, दुर्ग आणि राजनांदगाव येथील मराठी घरांतून बोलली जाणारी भाषा टिपून ठेवतो आहे. या भागाचे मराठीशी असलेले नाते जुने आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल येथवर आला, आणि पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होईपर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूर हीच होती. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी भिलाईच्या कारखान्याचा करार झाला, तेव्हाही येथील कागद नागपूरलाच जात. कारखाना उभा राहू लागला तसे विदर्भातून अनेक लोक आले. माझे वडील त्यांतलेच एक. त्या पिढीतील स्त्रियांची मराठी ही हिंदी आणि छत्तीसगढी यांच्या सहवासात सत्तर वर्षे मुरलेली मराठी आहे. तिचे शब्द, म्हणी, जात्यावरच्या ओव्यांची बदललेली रूपे, हे सारे मी त्यांच्याच आवाजात साठवले आहे. त्यांतल्या बऱ्याच जणी आज हयात नाहीत. आणि या साऱ्याची दुसरी प्रत कोठे होती, तर त्याच खोलीत, त्याच टेबलाच्या खणात. चोराने पेटी उचलली असती तर खणही उघडलाच असता.

मुलाला फोनवर हे सांगितले, तेव्हा तो हसला नाही. पुढच्या आठवड्यात त्याने रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी अशी एक चकती पाठवून दिली. ही चकती, म्हणजे एअरटॅग, २०२१ च्या एप्रिलमध्ये बाजारात आली. तिच्यात उपग्रहाशी बोलणारे काहीही नसते. ती केवळ ब्लूटूथच्या लहरींतून, ठराविक काळाने बदलणारी एक खूण आसपास पसरवीत राहते. जवळून जाणाऱ्या कोणाच्याही आयफोनला ती खूण ऐकू आली, की तो फोन स्वतःचे ठिकाण कुलूपबंद रूपात पुढे कळवतो, आणि ते कुलूप केवळ मालकाच्या फोनवर उघडते. ज्याचा फोन निरोप पोचवतो त्याला आपण निरोप्या झालो याचा पत्ताही नसतो. म्हणजे ही चकती स्वतः काही पाहत नाही. ती अनोळखी जगाच्या येण्याजाण्यावर विसंबून असते. जेथे आयफोन फिरत नाहीत तेथे ती मुकी.

ती बसवताना एक गंमत लक्षात आली. संगणकाच्या पेटीत तळाशी मी ती चिकटवली, झाकण लावले, आणि शेजारच्या खोलीतून फोनला तिचा ठाव लागेना. पोलादी पत्रा लहरी अडवतो. पोलादाच्या गावात पोलादानेच माझी वाट अडवावी, याचे हसू आले. अर्थात तो पत्रा काही भिलाईचा नसणार. येथे रूळ, गर्डर आणि जाड प्लेटा होतात, असला कागदासारखा पत्रा नव्हे. शेवटी पुढच्या प्लास्टिकच्या दर्शनी भागामागे, उष्णता कमी असते अशा जागी तिला बसवले. पेटी उघडली होती तेव्हा मदरबोर्डवर एक गोल घडी दिसली. संगणक बंद असतानाही त्याच्या घड्याळाला चालते ठेवणारी ही घडी आणि चकतीतली घडी सहसा एकाच मापाच्या असतात. दोहोंवर सीआर २०३२ हाच क्रमांक. एक काळ राखते, दुसरी स्थळ. झाकण लावून मी समाधानाने हात धुतले.

समाधान फार दिवस टिकले नाही. प्रथम शंका आली ती तर्काची. चोरीला आळा बसावा म्हणून मी चकती लपवली. पण लपवलेली गोष्ट आळा कशी घालणार? चोराला जी ठाऊकच नाही, तिची त्याला भीती कोठली? लपवलेली खूण चोरीनंतर कामाची. चोरीपूर्वी कामाची असते ती उघडी खूण. आमच्या घरी आईचा पितळी गुंड आहे. त्याच्या गळ्याखाली तिचे नाव आणि लग्नाची तारीख घातलेली आहे. पूर्वी नावे घालणारा कारागीर छिन्नी आणि लहान हातोडी घेऊन बसे, आणि टिंबाटिंबांनी अक्षरे उमटवी. पुढे विजेवर थरथरणारी लेखणी आली. वास्तूला, मुंजीला, पंगतीला भांडी शेजारी जात आणि नावावरून परत येत. त्या नावात धाक होता, पण संशय नव्हता. भांडे वाचणाऱ्याला ते एवढेच सांगे, की मी अमुक घरचे आहे.

खुणेचा आणखी एक प्रकार मी लहानपणी वडिलांकडून ऐकला. ते रेल मिलमध्ये होते. रूळ लाटला जात असतानाच त्याच्या कमरेवर कारखान्याचे नाव, रुळाचा प्रकार आणि वर्ष अशी उठावदार अक्षरे उमटतात, आणि तो तापलेला असतानाच कोणत्या रसातून तो घडला त्याचा क्रमांक ठोकला जातो. मी त्यांना एकदा विचारले होते, की रूळ कोण चोरणार? ते म्हणाले, ही खूण चोरासाठी नसते, आपल्यासाठी असते. उद्या कोठे रुळाला तडा गेला, तर तो कोणाच्या हातून घडला हे कळले पाहिजे. रुळावरची खूण करणाऱ्याला बांधून ठेवते, भांड्यावरची खूण वापरणाऱ्याला आठवण देते. माझी चकती कोणाला बांधत होती, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

तो जुलैमध्ये करावा लागला. मी पंधरा दिवसांसाठी नागपूरला गेलो होतो. घराची किल्ली आमच्याकडे एकोणीस वर्षे काम करणाऱ्या बाईंकडे होती. त्या दर दोन दिवसांनी येऊन झाडलोट करीत आणि दिवा लावून जात. एके सकाळी त्यांचा फोन आला. आवाज घाबरलेला होता. “बाबूजी, कम्पूटर के भीतरी मा कुछू नरियावत हे.” संगणकाच्या आत काहीतरी ओरडते आहे. रात्री जोराचा पाऊस झाला होता, जुन्या छताला ओल येऊन भिंतीवरून पाणी टेबलाकडे उतरत होते, आणि माझी पेटी भिजू नये म्हणून बाईंनी ती एकटीने उचलून पलंगावर ठेवली होती. मालकाच्या फोनापासून आठ ते चोवीस तासांहून अधिक काळ दुरावलेली चकती हलवली गेली, की आवाज करते. तिने तेच केले. जी पेटी वाचवत होती, तिच्यावरच चकती ओरडली.

मला खरे सांगणे भाग होते. चकती काय आहे, कशासाठी बसवली, हे मी मोडक्यातोडक्या छत्तीसगढीत समजावले. पलीकडे काही क्षण शांतता होती. मग त्यांनी विचारले, “मोर बर लगाय रेहेव का, बाबूजी?”

अकरा वर्षे बोलींचे शब्द गोळा करणाऱ्या माझ्यासारख्याला त्या दोन शब्दांनी गप्प केले. ‘मोर बर’ म्हणजे माझ्यासाठी. भेट आणताना जो शब्द वापरावा, तोच त्यांनी सापळ्यासाठी वापरला. मी तत्काळ ‘नाही’ म्हणालो, आणि ते खोटे नव्हते. बसवताना त्या माझ्या मनातही नव्हत्या. पण त्या मनात नव्हत्या म्हणूनच त्यांना सांगावे असेही मला सुचले नाही. शेजारच्या चोरीनंतर मी खिडकीचे गज बदलले तेव्हा ते सर्वांत आधी त्यांना दाखवले होते. मग ही चकतीच का लपवली? ज्याच्यापासून लपवायचे तो चोर अनोळखी होता. प्रत्यक्षात ती लपली होती ती केवळ त्या घरात वावरणाऱ्या माणसापासून.

मराठीत राखण आणि पाळत असे दोन शब्द आहेत. राखण शेताची, घराची, गुरांची करतात. पाळत माणसावर ठेवतात. एकाला ‘ची’ लागतो, दुसऱ्याला ‘वर’, आणि त्या प्रत्ययांतच सारे नीतिशास्त्र आहे. चकतीची अडचण अशी, की तिला हा प्रत्ययभेद कळत नाही. वस्तूला लावलेली खूण वस्तू उचलणाऱ्या माणसाचाही माग काढते. हे भय कल्पनेतले नाही. या चकत्या पर्समध्ये, गाडीखाली दडवून स्त्रियांचा पाठलाग केल्याच्या घटना अनेक देशांत उघडकीस आल्या. दुरावलेली चकती आरंभी तीन दिवसांनी आवाज करी, तो काळ जून २०२१ मध्ये आठ ते चोवीस तासांवर आणला गेला; आणि मे २०२४ मध्ये ॲपल व गूगल यांनी, अनोळखी चकती सोबत फिरत असेल तर दोन्ही प्रकारच्या फोनांवर सूचना मिळावी अशी सामाईक व्यवस्था केली. म्हणजे माणसाचे रक्षण करण्यासाठी वस्तूचे रक्षण थोडे कमी केले गेले, कारण ती सूचना चोरालाही मिळते. हा क्रम मला योग्य वाटतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, तो किल्ली सांभाळणाऱ्या बाईंचाही आहे.

या निमित्ताने याच प्रांतातील एका कथेची आठवण झाली. माधवराव सप्रे यांची मातृभाषा मराठी. त्यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, आणि ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. त्यांच्या मासिकात १९०१ साली ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा आली. जमीनदार कज्जा करून एका विधवेची झोपडी घेतो. ती येऊन आपल्याच झोपडीची टोपलीभर माती चुलीसाठी मागते, आणि टोपली उचलून देण्याची त्याला विनंती करते. त्याला ती उचलत नाही. मग ती त्याला विचारते, की एवढ्या मातीचे ओझे झेपत नाही, तर साऱ्या मातीचे ओझे जन्मभर कसे झेपेल. तो वरमतो आणि झोपडी परत करतो. त्या कथेत कागदोपत्री मालकी एकाकडे आहे आणि वजन दुसऱ्याला ठाऊक आहे. माझ्या पेटीचे कागद माझ्या नावावर होते. पावसाच्या त्या रात्रीनंतर तिचे वजन कोणी उचलले, हे मला ठाऊक आहे.

ग्रंथ कसे टिकतात याविषयी आपली परंपरा काय सांगते तेही मी पुन्हा आठवून पाहिले. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत राखले. त्यांचे पावित्र्य राहिले, पण विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी उकल करीपर्यंत पंथाबाहेरच्या अभ्यासकांना ते वाङ्मय जवळजवळ अज्ञात राहिले. उलट ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत धामधुमीत गेली तेव्हा, परंपरा सांगते त्याप्रमाणे, अनुयायांच्या स्मरणातून ते पुन्हा उभे केले गेले. लपवण्याने जे राखले ते दुर्बोध झाले. अनेकांना सांगितलेले होते ते नष्ट होऊनही परत आले. पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून पोथी वाचवण्याची विनवणी करीत. ती विनवणी वाचणाऱ्याला असे. पोथीची राखण तिच्या वाचकावर सोपवलेली होती.

नागपूरहून परतलो त्या दिवशी बाई नेहमीप्रमाणे आल्या. मी पेटीचा दर्शनी भाग काढून चकती त्यांच्या हातावर ठेवली, आणि ती ठेवावी की काढावी हे त्यांनीच ठरवावे असे म्हटले. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, आणि म्हणाल्या, राहू द्या. पण पुढच्या वेळी गावाला जाताना सांगून जा. माझ्या वागण्यातली चूक त्यांनी इतक्या कमी शब्दांत सांगितली. पुढच्या दोन दिवसांत बाबूजींच्या संगणकात घंटी बसवली आहे, ही बातमी त्यांनी गल्लीभर केली. चोराला धाक बसावा हा मूळ हेतू जर कशाने साधला असेल, तर तो त्या बातमीने.

यंत्राचा क्रमांक मी आता वहीत लिहून ठेवला आहे, आणि पेटीवर आईच्या गुंडासारखे नावही घातले आहे. आवाजांच्या दोन प्रती केल्या. एक नागपूरला बहिणीकडे आहे. दुसरी बाईंच्या घरी, त्यांच्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या घडीखाली आहे. त्यांच्या सासूबाईंनी गायलेल्या दोन गाण्यांचे आवाजही त्या प्रतीत आहेत. तिच्यावर चकती लावलेली नाही. चकतीची घडी साधारण वर्षभर चालते. येत्या चैत्रात ती बदलायची आहे, आणि त्या वेळी पेटी उघडताना बाईंना बोलावणार आहे.